संकटाची रंगीत तालीम

संकट सांगून येत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र ते चांगलं सांगूनसवरून येतं. जून महिन्यातल्या चौथ्या शनिवारी दुपारी दोनला येतं, रविवारी संध्याकाळी पाचला जातं आणि येताना घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, डासांचं मलम आणि भाजायला मक्याची कणसं बरोबर घेऊन येतं. तेवढ्या वेळात वीज गेलेली आहे, टेलिफोन मुके झालेत, मोबाइलचे टॉवर आडवे पडलेत असं सगळ्यांनी मिळून मनाशी धरायचं. मग घरातून उठून बागेत, टेकडीवर नाहीतर एखाद्या शाळेच्या मैदानात जायचं, तंबू ठोकायचा, झाडात तार टांगायची आणि बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी यंत्रावरून अनोळखी माणसांना हाका मारत बसायचं. याला ते लोक 'फील्ड डे' म्हणतात. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी बिनतारीवाल्यांच्या संघटनेनं हा प्रकार १९३३ साली सुरू केला आणि आता अमेरिका-कॅनडातली हजारो माणसं दर वर्षी या संकटाकडे डोळे लावून बसतात. संकटाची इतक्या हौसेनं वाट बघणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. आमच्याकडे पावसाळ्याआधी नालेसफाईचा फोटो पेपरात येतो, आणि तेवढ्यावर सगळं गाव निश्चिंत होतं.

माझी या लोकांशी गाठ पडली ती न्यू जर्सीत, लेकीच्या घराजवळच्या बागेत. मुलांकडे राहायला आलेल्या आईबापांच्या वाट्याला अमेरिकेत एक खास रिकामपण येतं. शनिवार असला तरी नातवाचं पोहणं असतं, जावयाचं गवत कापणं असतं, लेकीचं आठवड्याचं सामान असतं; प्रत्येकाचं काही ना काही असतं, आपलं फक्त फिरून येणं असतं. तसा फिरायला निघालो, तर ओकच्या एका थोराड झाडाखाली पिकल्या केसांचे चार-पाच गृहस्थ माना मागे टाकून वर बघताना दिसले. त्यातल्या एकाच्या हातात बेचकी होती. सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसाढवळ्या, चारचौघांत बेचकी ताणून झाडावर नेम धरतोय आणि बाकीचे अत्यंत गंभीर चेहऱ्यानं त्याला 'अंमळ डावीकडे' असं सुचवताहेत, हे बघून पाय आपोआप थबकले. बेचकीतून सुटलं ते शिशाचं बारीकसं वजन आणि त्याच्या मागोमाग मासे धरायच्या गळाचा दोरा. वजन फांदीवरून पलीकडे पडलं की दोऱ्याला सुतळी बांधायची, सुतळीला नायलॉनची दोरी आणि दोरीला शेवटी तांब्याची तार, दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर. झाली अँटेना. पण वजन जाऊन फांदीच्या बेचक्यात अडकत होतं आणि बेचकीवाले आजोबा दर वेळी टोपी काढून पुन्हा घालत होते. न राहवून मी पुढे झालो आणि कैऱ्या पाडण्याच्या शास्त्रातला एक नियम त्यांना सांगितला: कैरीकडे बघून नेम धरू नये, देठाच्या वर टीचभर बघावं. पुढचा नेम फांदीवरून सुळकन पलीकडे गेला. त्यात माझ्या शास्त्राचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, देव जाणे. पण मला बसायला खुर्ची मिळाली आणि कॉफी मिळाली, आणि नारिंगी जाकीट घातलेल्या एका बाईंनी दोरीला अडखळू नका असं बजावलं. त्या सुरक्षा अधिकारी होत्या. सुरक्षा अधिकारी नेमला तर १०० गुण मिळतात, असं मागाहून कळलं.

हो, या संकटाला गुण असतात. बोलून झालेल्या प्रत्येक संपर्काला एक गुण. तोच संपर्क मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून केला तर दोन. यंत्राची शक्ती जितकी कमी तितकी गुणांची पट जास्त. बॅटरीवर पाच वॅटमध्ये भागवलंत, म्हणजे आपल्याकडच्या झिरोच्या बल्बाला लागते त्याहून कमी विजेत, तर पाचपट. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर थोडं बोलून दाखवलंत तर १०० गुण. लोक येतात-जातात अशा जागी तंबू टाकलात तर १००. वर्तमानपत्राला कळवलंत तर १००. आणि निवडून आलेला एखादा लोकप्रतिनिधी पायधूळ झाडून गेला तर आणखी १००. हे शेवटचं कलम वाचून मला फार आपलेपणा वाटला. आमच्याकडेही पूर आला की पाणी किती चढलं याच्याइतकीच कोण येऊन गेलं याची मोजदाद होते. फक्त गुणपत्रिका कोणी छापत नाही. त्या दिवशी नगराध्यक्ष येणार म्हणून एक जण सारखा रस्त्याकडे बघत होता. ते आले, बिनतारी यंत्राशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला, एक कणीस खाल्लं आणि गेले. इतक्या कमी खर्चात पार पडलेला पूरग्रस्त भागाचा दौरा मी प्रथमच बघत होतो.

दोन वाजले आणि तंबूत एकदम परीक्षेच्या खोलीसारखी शांतता पसरली. मग एकानं माइक उचलला आणि खणखणीत आवाजात हाक घातली: 'सीक्यू फील्ड डे, सीक्यू फील्ड डे.' म्हणजे, कोणी आहे का हो? आधी नुसता समुद्राच्या गाजेसारखा आवाज, आणि मग त्या गाजेतून वर आल्यासारखा एक माणूस. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, नुसतं परवान्याचं चिन्ह सांगितलं. आमच्यानं उत्तर दिलं: 'टू अल्फा, नॉर्दर्न न्यू जर्सी.' पलीकडून आलं: 'थ्री अल्फा, ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया.' आभार मानले गेले आणि संपलं. टू अल्फा म्हणजे, घराबाहेर पडलेला क्लब, दोन यंत्रं. थ्री अल्फा म्हणजे तीन. एवढंच सांगायचं आणि एवढंच ऐकायचं. मी मनात म्हटलं, ही ओळखपाळख झाली, आता बोलतील. पण पुढच्या हाकेला पुन्हा तेच. तिच्या पुढच्या हाकेलाही तेच. संक्रांतीच्या दिवसांत बायका एका घरून दुसऱ्या घरी जातात, उंबऱ्याशी हळदीकुंकू लावलं जातं, हातात तिळगूळ पडतो, वाण ओटीत जातं, 'बसायला नाही हं वेळ' असं म्हणत पावलं पुढच्या दाराकडे वळतात. तसे हे लोक रात्रंदिवस अख्ख्या खंडाच्या दारोदार हिंडत होते. ओहायोच्या माणसाला यांनी विचारलं नाही की पाऊस कसा आहे. ओहायोवाल्यानं विचारलं नाही की जेवलात का. ज्या मुलखात फोन उचलल्यावर पहिली पाच मिनिटं फोन का केला हे कळू द्यायचं नसतं, त्या मुलखातून आलेल्या मला हा कोरडेपणा जरा लागलाच. एवढं सामान वाहायचं, एवढ्या तारा टांगायच्या, आकाशाला हात लावायचा आणि सांगायचं काय, तर टू अल्फा!

ज्या गृहस्थानं ही रिले लीग काढली त्याची हकिगतही अशीच मजेची आहे. हायरम पर्सी मॅक्झिम त्याचं नाव. त्याचे वडील हायरम मॅक्झिम हे मशीनगनचे जनक. आयुष्यभर बंदुका कानाशी वाजवून म्हातारपणी त्यांना ऐकू येईनासं झालं. मुलानं काय शोधावं? बंदुकीचा आवाज दाबणारी नळी, सायलेन्सर. बापानं जगात जो गोंगाट घातला तो मुलगा थोडाथोडा पुसत होता म्हणायचं. आणि हाच मुलगा १९१४ साली हार्टफर्डच्या आपल्या घरून चाळीसेक किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डच्या एका हौशी माणसाला बिनतारी निरोप द्यायला बसला. निरोप काही पोचेना. शेवटी वाटेवरच्या गावातल्या तिसऱ्या एकानं तो ऐकला आणि पुढे ढकलला. त्यावरून त्याच्या मनात आलं की देशभर अशी माणसं उभी केली, तर निरोप हातोहात कुठवरही जाईल. संघटनेच्या नावात 'रिले' आहे तो यासाठी. आपल्याकडे कराडहून निघालेला डबा एस.टी.च्या कंडक्टरच्या, मग स्टँडवरच्या पेपरवाल्याच्या, मग कॉलेजात जाणाऱ्या कुणाच्या तरी भाच्याच्या हातून पुण्यातल्या वसतिगृहात नेमका पोचायचा, त्याला कोणी लीग म्हटलं नाही एवढंच.

दुपार कलली तशी मंडळी सैलावली. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याचा नुकताच गुडघा बदलून झाला होता, आणि या विषयांवर मात्र ते सविस्तर बोलत होते. संध्याकाळी भूक लागली तेव्हा त्यांच्यातल्या एकानं खिशातून मोबाइल काढला आणि पिझ्झा मागवला. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. देशातले सगळे टॉवर पडलेले असताना तो बागेच्या कुठल्या फाटकाशी पिझ्झा आणायचा ते समजावून सांगत होता. 'पिझ्झेवाल्याकडे रेडिओचा परवाना नाही,' असं तो फोन ठेवून म्हणाला, आणि त्याचं अगदीच खोटं नव्हतं. मोबाइल आपल्याला हवेतून बोलल्यासारखा वाटतो, पण ते हवेतलं बोलणं जेमतेम जवळच्या टॉवरपर्यंतचं. तिथून पुढे जमिनीखालच्या केबली, यंत्रघरं, वीज, विजेमागे डिझेल, डिझेल घेऊन येणारा ट्रक आणि ट्रकला रस्ता. यातला एक दुवा निखळला तरी हातात उरतो तो चांगला फोटो काढणारा दिवा. शिवाय संकटात सगळेच एकाच वेळी फोन लावतात. या आजोबांच्या आणि ओहायोच्या मधे मात्र कोणाचंच काही नव्हतं. इकडे तार, बॅटरी आणि एक माणूस. तिकडे तार, बॅटरी आणि एक माणूस. आणि मधे आकाश.

आकाश म्हणजे अगदी आकाशच. सूर्याच्या उन्हानं वातावरणाच्या वरच्या थरांतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होऊन तिथे विजेचा एक पडदा तयार होतो. जमिनीवरून निघालेली लहर दोन-तीनशे किलोमीटर वर जाते, त्या पडद्यावर वळते आणि दूर कुठेतरी, नदीपल्याड, डोंगरापल्याड उतरते. दिवसा याच्या बऱ्याच खाली आणखी एक थर असतो, तो काही पट्ट्यांतल्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून दिवसा २० मीटरच्या पट्ट्यावर बोलायचं आणि अंधार पडू लागला की ४० आणि ८० मीटरकडे सरकायचं. बागेत दिवेलागण होत होती, काजवे निघाले होते, आणि हे लोक बटणं फिरवून एका आकाशातून दुसऱ्या आकाशात बिऱ्हाड हलवत होते. मघापर्यंत ऐकू येणारी पश्चिमेची माणसं एकेक करून बुडत गेली आणि दुपारी क्वचितच लागलेली शेजारच्या राज्यांतली माणसं कानाशी येऊन बोलू लागली. माझ्यासाठी म्हणून त्यांनी भारत लागतो का ते मोठ्या आपुलकीनं शोधलं. लागला नाही. सूर्यानं नाही म्हटलं की इथे वशिला चालत नाही.

मोर्सवाल्याचा तंबू जरा बाजूला होता. आत डोक्याला दिवा बांधलेला एकच माणूस, कानावर हेडफोन, बोटांशी चिमुकली पट्टी. तोंडातून चकार शब्द नाही. बाहेर थोडा आवाज झिरपत होता. आणि तो ऐकला मात्र, मी फलटणच्या तार ऑफिसात जाऊन उभा राहिलो. माझे वडील तारबाबू होते. तिथला आवाज असा शिटीसारखा नव्हता, पितळेवर पितळ आपटल्याचा कोरडा खटका होता. पण चाल हीच. अक्षरं मला तेव्हाही कळली नाहीत, आताही कळली नाहीत. ऑफिसातली चाल वडिलांबरोबर घरी यायची. पाटावर बसून ताट येण्याची वाट बघताना त्यांची बोटं ताटाच्या जागी जमिनीवर वाजत राहायची. आई विचारायची, 'कोणाला तार चाललीय?' वडील म्हणायचे, 'आमटीला.' आणि खरोखरच आमटी यायची. त्या काळात 'तार आली' म्हटलं की बाया पाकीट फोडायच्या आत रडायला लागत. म्हणून वडिलांनी तारवाल्या शिपायाला सांगून ठेवलं होतं की बातमी चांगली असेल तर सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडायचं. पोरगा पास झाल्याची तार गल्लीत शिरायची ती आरोळीसकट. परिणाम असा झाला की सायकल मुकाट्यानं वळली, की अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहायची. शुभेच्छांना त्या वेळी नंबर असत. लग्नाला नुसता आठ नंबर पाठवला की वधूवरांना सुखी दीर्घ सहजीवन मिळायचं. वाईट बातमीला मात्र नंबर नव्हता. ती शब्दांनीच लिहावी लागे, आणि प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून लोक काटछाट करून करून दुःख परवडेल एवढं करून आणत. २०१३ च्या जुलैत सरकारनं तार बंद केली तेव्हा वडील नव्हते, ते बरंच झालं.

हे सगळं मी नारिंगी जाकिटातल्या बाईंना सांगत होतो, कारण त्या निरोपाचा कागद भरत बसल्या होत्या आणि त्यावर शब्दसंख्येचा एक चौकोन होता. रीतसर निरोप पाठवला तर दर निरोपाला १० गुण, असे दहा निरोप. मी विचारलं, शब्द कशाला मोजता, पैसे पडतात का? त्या म्हणाल्या, छे. पलीकडच्यानं उतरून घेतल्यावर शब्द मोजायचे. आकडा जुळला नाही तर वाटेत काहीतरी सांडलं असं समजायचं. आमच्याकडे शब्द मोजत ते जास्त होऊ नयेत म्हणून. इथे मोजत होते ते कमी होऊ नयेत म्हणून. मग त्यांनी मला त्यांच्याकडची नंबरांची यादी दाखवली. यांच्यातही नंबर! ४६ म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि यादीत सगळ्यात वर, एक नंबरला, असं लिहिलं होतं: इकडे सगळे सुखरूप आहेत, काळजी करू नका.

मी तो कागद हातात घेऊन जरा वेळ बसलो. आपल्याकडच्या प्रत्येक पोस्टकार्डाच्या सुरुवातीला हीच ओळ असायची. येथे सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे. ती कोणी वाचायचं नाही. डोळे तिच्यावरून घसरत 'पत्रास कारण की' कडे जायचे, कारण खरा मजकूर तिथून पुढे. पण २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या पुढाकारानं हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओची मंडळी पोर्ट ब्लेअरला गेली होती, ती निव्वळ हौसेनं. अंदमानातून कित्येक वर्षांत हौशी रेडिओवर कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे जगभरचे शौकीन त्यांच्याशी दोन शब्दांची देवाणघेवाण व्हावी म्हणून रांगा लावून होते. बागेतल्या टू अल्फासारखीच बिनमजकुराची देवाणघेवाण. २६ तारखेच्या सकाळी जमीन हलली, पाठोपाठ समुद्र आला, टेलिफोन गेले. त्याच यंत्रांवरून, त्याच तारांवरून मग मुख्य भूमीवर निरोप जाऊ लागले, आणि त्यातले बहुतेक काय होते? अमका सुखरूप आहे. तमकीला कळवा. पत्रास कारण की नावाचा भाग त्या दिवशी कोणालाच नको होता. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारी हादरली तेव्हा आणि २००१ साली भुजलाही हौशी मंडळी आपापली यंत्रं उचलून गेली होती. किल्लारीच्या त्या दिवशी आम्ही सगळे लातूरच्या मावशीचा फोन लागतो का ते बघत दिवसभर उभे होतो. तिनं एक नंबर कळवला असता तरी पुरे होतं. तो कागद हातात आल्यापासून टू अल्फामधला कोरडेपणा मला तितकासा बोचत नाही. जो रस्ता एका शब्दासाठी बांधायचा तो रोज झाडून ठेवावा लागतो, आणि झाडताना कोणी व्याख्यान देत नाही.

रात्री साडेनऊच्या सुमाराला त्यांनी मला माइकपुढे बसवलं. परवाना नसलेल्यांसाठी तिथे एक वेगळं यंत्र मांडतात, शेजारी परवानेवाला बसतो. त्यांच्या क्लबच्या चिन्हाची सुरुवात 'डब्ल्यू'नं होती, आणि बिनतारीवर अक्षरं शब्दांनी सांगायची असल्यामुळे 'डब्ल्यू'चा उच्चार 'व्हिस्की' असा करावा लागतो. एकादशीला साबुदाणासुद्धा मोजून खाणारा माणूस मी. आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या अमेरिकेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो: व्हिस्की! पलीकडून कुणा मुलीनं उत्तर दिलं, दहा-बारा वर्षांची असावी. तिलाही कोणीतरी शेजारी बसून सांगत होतं. तिनं सांगितलं, 'वन अल्फा, मेन.' मी सांगितलं, 'टू अल्फा, नॉर्दर्न न्यू जर्सी.' मग नियमात नसलेली एक गोष्ट माझ्या तोंडून गेली. मी मराठीत विचारलं, 'जेवलीस का?' क्षणभर नुसती गाज. मग ती म्हणाली, 'रॉजर, थँक यू,' आणि गेली. वहीत आमचा एक गुण मांडला गेला.

निघताना नारिंगी जाकिटातल्या बाईंनी विचारलं, तुमचा एखादा निरोप लिहू का? एक निरोप कमी पडत होता. भारतात तो धाडता येत नव्हता. त्रयस्थाचे निरोप ने-आण करायचा दोन देशांत तसा करार लागतो, तो नाही. मग मी लेकीचं नाव, पत्ता आणि फोन नंबर दिला आणि मजकुराला एक नंबर सांगितला. तिचं घर बागेपासून चालत दहा मिनिटांवर. निरोप मात्र शिस्तीनं निघाला. कुठल्या कुठल्या गावच्या माणसांनी तो रात्री ऐकून उतरून घेतला, शब्द मोजले आणि पुढच्याच्या हवाली केला. मध्ये रविवार गेला, सोमवार-मंगळवार गेले. एका संध्याकाळी मी ओट्याशी उभा राहून भेंडी चिरत होतो, तेव्हा लेक फोन कानाला लावून स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे टक लावून बघू लागली. कुणी अनोळखी गृहस्थ तिला अदबीनं सांगत होते की तुमचे वडील सुखरूप आहेत, काळजी करू नका. तिनं त्यांचे आभार मानले, फोन ठेवला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, 'बाबा, तुम्ही कुठे गेला होतात?' सांगितल्यावर ती पुष्कळ हसली. मग रात्री जेवताना तिनं तो निरोप पुन्हा एकदा माझ्याकडून शब्दन् शब्द ऐकून घेतला.

आपल्याकडेही हा परवाना मिळतो. दूरसंचार खात्याची परीक्षा असते, आणि बारा वर्षांच्या पोरासोरांनाही ती देता येते. राजीव गांधींकडेही हा परवाना होता, त्यांचं चिन्ह व्हीयू२आरजी. आणि जूनअखेरीला तुम्ही कधी मुलांकडे अमेरिकेत असलात, चौथ्या शनिवारी फिरायला निघालात आणि बागेतल्या झाडांतून विनाकारण एक तार गेलेली दिसली, तर तिच्या टोकापर्यंत चालत जा. खुर्ची देतात, कॉफी देतात. निरोप लिहून घ्यायला ते एका पायावर तयार असतात. तो पंचवीस शब्दांत बसवावा आणि पत्ता नीट सांगावा. पैसे पडत नाहीत.